एका लेन्सचा माणूस

आमच्या विंगमध्ये फोटोग्राफीचं वेड असलेले चारपाच जण आहेत. रस्त्यावरच्या फोटोंसाठी कुठली लेन्स घ्यावी यावर मेसच्या रांगेत सुरू झालेला वाद रात्री दोनपर्यंत चालतो. मीही त्यातलाच. झूमसाठी पैसे साठवत होतो, तेवढ्यात आंरी कार्तिए-ब्रेसाँ या माणसाबद्दल वाचलं आणि सगळा हिशोबच बिघडला.

ब्रेसाँ १९०८ साली पॅरिसजवळ जन्मला. घरचा सुतादोऱ्याचा मोठा धंदा, पण याला व्हायचं होतं चित्रकार. आंद्रे लोत यांच्याकडे तो शिकलाही. १९३१ मध्ये आफ्रिकेत आयव्हरी कोस्टला गेला आणि तिथे तापाने मरता मरता वाचला. परतल्यावर मुंकाची या फोटोग्राफरचा एक फोटो त्याच्या पाहण्यात आला : टांगानिका सरोवराच्या लाटांत धावत शिरणारी तीन मुलं. बस्स! १९३२ मध्ये मार्सेय शहरात त्याने लायका कॅमेरा घेतला, सोबत ५० मिलिमीटरची लेन्स. पुढे क्वचित ३५ किंवा ९० लावली असेल, पण आयुष्यभराचं बहुतेक काम ५० वरच.

५० च का? त्या फिल्मची फ्रेम २४ बाय ३६. पायथागोरस लावा, कर्ण ४३ च्या आसपास येतो. फोकल लेंग्थ कर्णाच्या जवळपास असली की गोष्टी साध्या डोळ्यांना दिसतात तशाच दिसतात. माणूस जवळून हवा असेल तर चालत जवळ जायचं. (आपल्या क्रॉप सेन्सरवाल्या कॅमेऱ्यांना ३५ ची लेन्स साधारण तोच कोन देते, हे सीनियर लोक सांगत नाहीत.) कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर तो काळी पट्टी चिकटवायचा, म्हणजे कोणाचं लक्ष जाणार नाही.

१९४० मध्ये तो जर्मनांच्या कैदेत सापडला. दोनदा पळताना पकडला गेला, १९४३ मध्ये तिसऱ्यांदा निसटला. लायका आधीच जमिनीत पुरून ठेवला होता, तो जाऊन उकरून काढला!

१९४७ मध्ये मित्रांबरोबर मॅग्नम ही संस्था काढली आणि भारतात आला. ३० जानेवारी १९४८ ला दुपारी तो दिल्लीच्या बिर्ला हाऊसमध्ये गांधीजींना भेटला, त्यांना आपल्या फोटोंचं पुस्तक दाखवलं. तिथून निघाल्यावर थोड्याच वेळात बातमी आली, तसा उलट पावली परतला. त्या रात्री फाटकाशी उभे राहून नेहरू लोकांना सांगताहेत, तो फोटो जरूर बघा. फ्लॅश नाही, दिवा भगभगतोय, चेहरे थोडे हललेले. आपल्या स्पर्धेत परीक्षकांनी पहिल्याच फेरीत बाद केला असता.

सत्तरच्या दशकात त्याने कॅमेरा जवळपास ठेवून दिला आणि पुन्हा पेन्सिल धरली. ३ ऑगस्ट २००४ रोजी तो गेला.

झूम मी घेतली नाही. गेल्या रविवारी किट लेन्सच्या रिंगला ३५ वर चिकटपट्टी लावली आणि स्टेशनबाहेर तीन तास फिरलो. निम्म्या फोटोंत लोकांच्या पाठीच आल्यात. एक चहावाला मात्र बरा आलाय. पुढच्या रविवारी त्याला प्रिंट नेऊन देणार आहे.