विश्लेषण : ब्राझीलने आपल्या थोर लेखकाचा रंग का बदलला?

माशादो द आसिस यांचा जन्म १८३९ मध्ये रिओ द जनेरोत झाला. वडील रंगारी, त्यांचे आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. शिक्षण जेमतेम, तरी छापखान्यात खिळे जुळवणारा हा मुलगा १८९७ मध्ये ब्राझिलियन साहित्य अकादमीचा पहिला अध्यक्ष झाला.

त्यांच्या ‘दों काझमुरो’ (१८९९) कादंबरीत संशयी नवरा पत्नीच्या बेइमानीची कहाणी सांगतो. पुरावा फक्त त्याच्याच शब्दांचा, तरी वाचक विश्वास ठेवत गेले. १९६० मध्ये अमेरिकी अभ्यासक हेलन कॉल्डवेल यांनी पत्नीची बाजू घेतली.

माशादो १९०८ मध्ये गेले. गुलामगिरी संपून तेव्हा २० वर्षे झाली होती. मृत्यूच्या दाखल्यावर त्यांची नोंद गोरे अशी झाली. गुलामांच्या नातवाबद्दल देशही त्या नवऱ्यासारखीच सोयीची गोष्ट सांगत होता.