सरखेल कान्होजी आंग्रे

लोणावळ्याजवळच्या राजमाचीवर उभे राहिले, म्हणजे एका बाजूस मावळातील डोंगर व दुसऱ्या बाजूस खाली पसरलेले कोकण दिसते. आंग्रे घराण्याचे मूळ गाव याच मावळातील आंगरवाडी. घराण्याचे नाव मात्र गाजले ते समुद्रावर.

कान्होजींचा जन्म इ. स. 1669 च्या सुमारास झाला. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजींचे तरुणपण सुवर्णदुर्गावर गेले. तेथील किल्लेदार शत्रूस फितूर झाला असता या तरुणाने त्यास कैद करून किल्ला राखला, असे सांगतात. पुढे ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे मुख्य अधिकारी, झाले. त्यांची गुराबे व गलबते इंग्रजांच्या मोठ्या जहाजांपुढे लहान दिसत. पण ती उथळ खाड्यांत सहज शिरत, आणि वारा पडला तरी गलबते वल्ह्यांच्या जोरावर चालत.

परंतु या बळाची एक बाजू उघडी होती. कुलाबा किल्ला समुद्रात आहे खरा. पण ओहोटी लागली की अलिबागेहून तेथे पायी जाता येते. जमिनीवरून चालून येणाऱ्या सैन्यास नुसते आरमार कसे थोपविणार?

त्या काळी छत्रपतींच्या घरात दुही माजली होती. कान्होजी महाराणी ताराबाईंच्या पक्षाचे. 1713 मध्ये शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस त्यांच्यावर पाठविले. कान्होजींनी पेशव्यांचा पराभव करून त्यांनाच कैद केले, लोहगडही घेतला. साताऱ्यास मोठी चिंता पडली. तेव्हा नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ लोणावळ्याकडे आले. हे मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे. त्यांनी लढाईऐवजी बोलण्याचा मार्ग धरला. आपसांत लढून दोघेही दुबळे झाले, तर लाभ जंजिऱ्याच्या सिद्दीचा व फिरंग्यांचा होणार, हे उघड होते. 1714 मध्ये तह झाला. कान्होजींनी शाहू महाराजांस छत्रपती मानले व बहिरोपंतांस सोडले. सरखेलपद, राजमाची आणि कोकणातील अनेक किल्ले त्यांच्याकडे राहिले. घाटावरील घोडदळ व कोकणातील आरमार एका धन्याचे झाले.

या तहाची कसोटी 1721 मध्ये लागली. इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. समुद्रात इंग्लंडच्या राजाच्या युद्धनौका, किनाऱ्यावर दोघांची पायदळे! पण शाहू महाराजांच्या आज्ञेने पिलाजी जाधवराव घोडदळासह घाट उतरून आले. मागाहून बाजीराव पेशवेही आले. मराठी स्वारांनी हल्ला करताच पोर्तुगिजांची फळी फुटली, इंग्रजांसही मागे हटावे लागले, आणि पोर्तुगिजांनी वेगळा तह करून घेतला. पुढे अडीचशे वर्षांनी, 1971 च्या युद्धात, 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवरील विमानांनी चितगाव व कॉक्स बाजार येथे हल्ले करून भूमीवर लढणाऱ्या आपल्या सैन्यास साहाय्य केले. कुलाब्यास उलट घडले होते; तेथे जमिनीवरील स्वार आरमाराच्या मदतीस धावले होते.

कान्होजी 1729 च्या जुलै महिन्यात वारले. मावळातील घराण्याच्या या पुरुषाची समाधी समुद्राकाठी, अलिबागेस आहे.