अकित्सुने इमामुरा : न ऐकलेला इशारा

खरे बोलण्याची किंमत काही माणसांना आयुष्यभर मोजावी लागते. जपानचे भूकंपशास्त्रज्ञ अकित्सुने इमामुरा हे त्यांपैकी एक.

१४ जून १८७० रोजी क्यूशू बेटावरील कागोशिमा येथे त्यांचा जन्म झाला. समोरच आखातात साकुराजिमा हा जागृत ज्वालामुखी. टोकियो विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकून ते भूकंपशास्त्राकडे वळले. साहाय्यक प्राध्यापकाचे पद मिळाले, पण वेतन नव्हते; सैनिकी शाळेत गणित शिकवून त्यांनी संसार चालविला.

जुन्या भूकंपांच्या नोंदी चाळून १९०५ साली त्यांनी एका मासिकात लेख लिहिला. ५० वर्षांच्या आत टोकियोला मोठा भूकंप होईल. घरे लाकडी, दिवे रॉकेलचे, त्यामुळे आगीत लाखावर माणसे दगावतील, तेव्हा आधीच तयारी करा, असा त्याचा आशय होता. पुढच्या वर्षी वृत्तपत्रांनी तो भडक करून छापला आणि शहरात घबराट उडाली. त्यांचे वरिष्ठ फुसाकिची ओमोरी हे थोर संशोधक होते. लोकांची भीती शमावी म्हणून त्यांनी तो इशारा निराधार ठरविला. हेतू वाईट नव्हता; पण इमामुरांच्या माथी अफवा पसरविणारा असा शिक्का बसला, तो १७ वर्षे पुसला गेला नाही.

१ सप्टेंबर १९२३. दुपारचे १२ वाजायला दोन मिनिटे होती. घरोघरी चुली पेटल्या होत्या. सागामी उपसागराखालील प्रस्तरभंग सरकला. पाण्याचे नळ फुटले, आगी विझविणार कशाने? सुमारे १,०५,००० माणसे मेली, त्यांतील बहुतेक आगीत. त्या वेळी ओमोरी सिडनीत भूकंपमापकापाशी उभे होते. आपल्याच देशावरील आघात त्यांना त्या यंत्राने दाखविला. ते आजारी परतले आणि नोव्हेंबरमध्ये वारले. त्यांची जागा इमामुरांना मिळाली; पण राखेच्या ढिगावर उभे राहून विजयाचा आनंद कोण मानील?

पुढे त्यांनी नानकाई किनाऱ्याकडे लक्ष वळविले. १९२८ साली पदरमोड करून तेथे वेधशाळा उभारली. तेथील धोकाही ते सांगत राहिले. १९४४ आणि १९४६ साली तो किनारा हादरला, आणि दोन्ही वेळा हजारावर बळी गेले. १ जानेवारी १९४८ रोजी इमामुरा निवर्तले.

भूकंपाची घटका आजही कोणी सांगू शकत नाही. इमामुरांनीही ती सांगितली नव्हती. त्यांनी मागितली होती ती फक्त तयारी. १९६० पासून १ सप्टेंबर हा दिवस जपानमध्ये आपत्तिनिवारण दिन म्हणून पाळला जातो. उशिरा का होईना, त्यांचे म्हणणे त्यांच्या देशाने ऐकले.