प्रकाशाची ओळ लिहिणारा संगीतकार

पाश्चात्य वाद्यवृंदासाठीं लिहिलेल्या संगीताच्या पानावर प्रत्येक वाद्याची ओळ निराळी असते. अलेक्झांडर स्क्रियाबिन ह्या रशियन संगीतकारानें स. १९१० मध्यें पुरी केलेल्या 'प्रॉमिथ्यूस' ह्या रचनेंत मात्र सर्वांच्या वर आणखी एक ओळ आहे, आणि तिच्यांतील स्वर ऐकावयाचे नसून पाहावयाचे आहेत. ती प्रकाशाची ओळ होय. वादकानें पट्टी दाबली कीं आवाज न होतां सारें सभागृह एकेका रंगानें भरून जावें, अशी त्याची योजना होती. स्नेहसंमेलनाच्या नाटकांत दिव्यापुढें तांबडा-हिरवा कागद धरणारा विद्यार्थी आपणांस परिचित आहे. पण तो प्रसंग पाहून कागद बदलतो. येथें प्रत्येक रंगाची वेळ व मात्रा व्हायोलिनच्या स्वराप्रमाणेंच लिहून ठेविलेली होती.

स्क्रियाबिनचा जन्म मॉस्को येथें, त्या वेळच्या रशियन पंचांगाप्रमाणें स. १८७१ च्या नाताळच्या दिवशीं झाला. आई उत्तम पियानो वाजवीत असे. पण मूल सुमारें एक वर्षाचें असतांच ती क्षयानें वारली. वडील परराष्ट्रखात्याच्या नोकरीनिमित्त दूर तुर्कस्तानांत, त्यामुळें आत्यानें व आजीनेंच त्यास वाढविलें. मॉस्कोच्या संगीतविद्यालयांत रखमानिनॉफ हा त्याचा सहाध्यायी होता. स्क्रियाबिनचा हात इतका लहान कीं, सप्तकाच्या पुढें एखादाच स्वर त्याच्या आवाक्यांत येई. तरीहि अवघड रचनांचा हट्टानें अभ्यास करून त्यानें उजवा हात दुखावून घेतला. तो हात बरा होईपर्यंत डाव्या हातावरच त्यानें मेहनत घेतली, आणि पुढें केवळ डाव्या हातानें वाजवावयाच्या दोन रचना लिहिल्या. ह्या चिकाटीबद्दल त्याचें कौतुक करावें तेवढें थोडें. पण पत्नी व चार मुलें ह्यांस त्यानें पुढें अंतर दिलें, ही गोष्टहि झांकून ठेवण्यासारखी नाहीं.

स्वर आणि रंग ह्यांचें नातें आहे असें त्याचें ठाम मत होतें. आपल्या पेटीच्या भाषेंत सांगावयाचें तर पांढरी एक त्यास तांबडी वाटे. तिचा पंचम, म्हणजे पांढरी पांच, नारिंगी; त्या स्वराचा पंचम पांढरी दोन, ती पिवळी; तिचा पंचम पांढरी सहा, ती हिरवी. असें पंचमामागून पंचम घेत तो इंद्रधनुष्य चढत जाई. स. १९०७ मध्यें पॅरिस येथें ह्या विषयावर त्याचा रखमानिनॉफशीं वाद झाला, ही हकीकत रखमानिनॉफच्या आठवणींत आहे. वृद्ध संगीतकार रिम्स्की-कोर्साकॉफ स्क्रियाबिनच्या बाजूचा होता. कांहीं बाबतींत त्या दोघांचे रंग जुळत नसत. पण पांढरी दोन सोनेरी, ह्याविषयीं एकमत होतें. रखमानिनॉफ ऐकेना, तेव्हां रिम्स्कीनें त्याच्याच एका संगीतनाटकाची त्यास आठवण दिली. त्यांत कृपण सरदार सोन्याच्या पेट्या उघडतो, आणि तेथील संगीत नेमकें त्याच पट्टींत आहे!

'प्रॉमिथ्यूस'मधील प्रकाशाची ओळ दुपदरी आहे. एक पदर संगीताच्या बदलत्या स्वरसमूहाबरोबर रंग बदलतो. दुसरा एकच रंग बराच वेळ धरून सावकाश पुढें सरकतो. अडचण अशी कीं, छापील प्रतींत कोणत्या स्वरास कोणता रंग हें दिलेलेंच नव्हतें. शिवाय तसें यंत्रहि तयार नव्हतें. स. १९११ मध्यें मॉस्कोस पहिला प्रयोग झाला तेव्हां स्वतः स्क्रियाबिन पियानोवर होता, पण प्रकाश वगळावा लागला. स. १९१४ मध्यें लंडन येथेंहि तो रंगांवांचूनच वाजविला. मोझर नांवाच्या मित्रानें लांकडी पाटावर वर्तुळांत रंगीत विजेचे दिवे बसवून दिले होते. घरीं येणाऱ्या मित्रांस तो तेवढेंच दाखवूं शके.

मनांत मात्र ह्याहून प्रचंड बेत होता. हिमालयाच्या पायथ्याशीं सात दिवस चालणारा, नाद, प्रकाश, नृत्य व सुगंध ह्यांचा मेळ असलेला विधि तो रचीत होता. त्यांत कोणी प्रेक्षक राहावयाचा नव्हता, सर्वांनींच भाग घ्यावयाचा. त्या विधीनंतर मनुष्यजातीचें रूपांतर होईल अशीहि त्याची कल्पना होती. ती येथें केवळ नमूद करतों. हिंदुस्थानच्या प्रवासाची त्याची तयारीहि चालली होती. इतक्यांत महायुद्ध पेटलें.

अखेर ता. २० मार्च १९१५ रोजीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहांत, त्याचा जुना सहाध्यायी आल्टशूलर ह्याच्या संचालनाखालीं, 'प्रॉमिथ्यूस' रंगांसह वाजविला गेला. त्यासाठीं पट्ट्यांचें खास यंत्र बनविलें होतें. पण सभागृह रंगानें भरण्याऐवजीं एका लहान पडद्यावर रंग उमटले, आणि टीकाकारांस त्यांचा संगीताशीं संबंध दिसेना. कर्ता रशियांतच होता. पुढें थोड्याच दिवसांत त्याच्या ओठावर पुळी उठली, रक्त दूषित झालें, आणि ता. २७ एप्रिल रोजीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, तो मरण पावला. स्वतः लिहिलेली प्रकाशाची ओळ रंगमंदिरांत वाजलेली त्यानें एकदांहि पाहिली नाहीं. हिमालयांतील त्या विधीच्या संगीताचीं पन्नासांहून अधिक कच्चीं पानें मागें राहिलीं.

निराधार कुटुंबासाठीं रखमानिनॉफनें गांवोगांव स्क्रियाबिनच्याच रचनांचे कार्यक्रम केले. एका छापील प्रतीवर स्क्रियाबिननें स्वहस्तें प्रकाशाविषयीं टिपणें केलेलीं होतीं. तिच्या आधारें स. २०१० मध्यें अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या वाद्यवृंदानें सारें सभागृह रंगवून ही रचना सादर केली. मॉस्कोंतील त्याच्या शेवटच्या बिऱ्हाडाचें स. १९२२ मध्यें संग्रहालय झालें, आणि मोझरच्या हातचें तें दिव्यांचें वर्तुळ तेथें जपून ठेविलें आहे.