सुतारखोलीतली उमेदवारी

लीझ माइट्नर यांचे नाव निघाले, की बोलणे हुकलेल्या नोबेलपाशी येऊन थांबते. अणुकेंद्राच्या विखंडनासाठी १९४४ चे रसायनशास्त्राचे पारितोषिक एकट्या ऑटो हान यांना मिळाले, हा अन्याय खराच. पण मला त्याहून अस्वस्थ करतात ती त्यांच्या उमेदवारीची वर्षे.

१८७८ साली व्हिएन्नात जन्मलेल्या या मुलीची शाळा चौदाव्या वर्षी संपली. मुलींना पुढची वाटच नव्हती. १८९७ मध्ये विद्यापीठाची दारे स्त्रियांना उघडली, तेव्हा राहिलेला अभ्यास खासगी शिकवणीने भरून काढून त्या १९०१ मध्ये आत शिरल्या. लुडविग बोल्ट्झमान यांच्या व्याख्यानांनी भौतिकशास्त्राचे वेड लावले. १९०६ मध्ये डॉक्टरेट मिळाली. पुढच्याच वर्षी, वडिलांच्या पैशावर, माक्स प्लांक यांची व्याख्याने ऐकायला त्यांनी बर्लिन गाठले.

प्रशियातील विद्यापीठे तेव्हा स्त्रियांना रीतसर प्रवेश देत नव्हती. एमिल फिशर यांच्या रसायनसंस्थेत हान यांच्याबरोबर किरणोत्सर्गावर काम करण्याची मुभा मिळाली, तीही तळमजल्यावरच्या जुन्या सुतारखोलीपुरती. दार बाहेरूनच, वरच्या प्रयोगशाळांत पाऊल टाकायचे नाही. १९०८ मध्ये नियम बदलले आणि ही बंदी उठली. पगार मात्र नव्हताच. तो मिळू लागला १९१२ मध्ये, प्लांक यांच्या सहायक झाल्यावर. तेव्हा त्यांनी तिशी केव्हाच ओलांडली होती.

पहिल्या महायुद्धात त्यांनी ऑस्ट्रियन सैन्याच्या इस्पितळांत क्ष-किरण यंत्रे चालवली. परतल्यावर, हान लष्करी सेवेत गुंतलेले असताना, प्रोटॅक्टिनियमच्या शोधाचे बरेचसे काम त्यांनीच तडीस नेले. १९१८ च्या शोधनिबंधावर मात्र हान यांचे नाव आधी होते.

विद्यापीठात शिकवण्याचा अधिकार मिळाला १९२२ मध्ये. व्याख्यानाचा विषय होता विश्वाच्या घडामोडींतील किरणोत्सर्गाचे महत्त्व. वृत्तपत्रात 'कॉस्मिक'चे 'कॉस्मेटिक' झाले! १९२६ मध्ये त्या प्राध्यापक झाल्या. १९३३ मध्ये नाझी राजवटीने, जन्माने ज्यू म्हणून, तो अधिकार काढून घेतला. पंधरा वर्षांच्या कष्टाने मिळालेले अकरा वर्षांत गेले. १९३८ मध्ये त्यांना देशही सोडावा लागला. त्याच वर्षअखेरीस, स्वीडनमध्ये, भाचे ऑटो फ्रिश यांच्यासह त्यांनी विखंडनाचा उलगडा केला.

१९९७ मध्ये १०९ व्या मूलद्रव्याला त्यांचे नाव मिळाले. योग्यच झाले. पण घरून पैसे येत होते, म्हणून माइट्नर त्या सुतारखोलीत टिकल्या. ज्यांना घरून काहीच येणार नव्हते, अशा किती बुद्धिमान मुली त्या दारापर्यंतही पोचल्या नसतील? त्यांचा हिशेब कोणत्याही पारितोषिकाच्या यादीत सापडत नाही.