विश्लेषण : ‘मिनी’च्या जनकाची ‘९एक्स’ मोटार रस्त्यावर का आली नाही?

ब्रिटिश अभियंते सर अ‍ॅलेक इसिगोनिस यांची ‘मिनी’ जगभर गाजली. पण तिच्याहून लहान, तरीही आतून अधिक ऐसपैस अशी त्यांची ‘९एक्स’ ही छोटी कौटुंबिक मोटार नमुन्याच्या टप्प्यावरच थांबली.

इसिगोनिस कोण होते?

त्यांचा जन्म १९०६ मध्ये स्मर्ना (आताचे तुर्कस्तानातील इझमीर) येथे झाला. वडील ग्रीक वंशाचे ब्रिटिश नागरिक, तर आई जर्मन. १९२२ मध्ये युद्धामुळे कुटुंबाला शहर सोडावे लागले. माल्टात वडिलांचे निधन झाले आणि मायलेक इंग्लंडला पोहोचले. तेथे अभियांत्रिकी शिकताना अ‍ॅलेक गणितात तीनदा नापास झाले. मात्र त्यांनी आरेखन केलेल्या ‘मॉरिस मायनर’ची (१९४८) विक्री १० लाखांवर गेली.

‘मिनी’त नवे काय होते?

१९५६ च्या सुएझ संकटात ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली आणि कमी इंधन पिणाऱ्या गाडीची निकड भासली. इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले, पुढच्या चाकांना गती दिली आणि चाके अवघ्या १० इंचांची ठेवली. त्यामुळे सुमारे तीन मीटर लांबीच्या गाडीत चौघांची सोय झाली. १९५९ मध्ये आलेली मिनी खूप खपली; पण स्वस्त किमतीमुळे कंपनीच्या हाती नफा फारसा पडत नसे.

‘९एक्स’चा उपाय काय होता?

१९६० च्या दशकाच्या अखेरीस इसिगोनिस यांनी मिनीची वारसदार आखली. लांबी सुमारे १० सेंटीमीटरने कमी, मागे वर उघडणारे दार आणि नवे, हलके इंजिन. सुटे भाग कमी असल्याने ती बनवणेही स्वस्त पडणार होते.

मग अडले कुठे?

१९६८ मध्ये विलीनीकरणातून ‘ब्रिटिश लेलँड’ कंपनी उभी राहिली. नव्या इंजिनासाठी मोठी गुंतवणूक हवी होती, तर नव्या व्यवस्थापनाला फोर्डशी टक्कर देणारी मध्यम आकाराची मोटार आधी हवी होती. पैसा ‘मॉरिस मरिना’कडे वळला आणि ‘९एक्स’ मागे पडली.

परिणाम काय झाला?

१९६९ मध्ये इसिगोनिस यांना ‘सर’ किताब मिळाला. १९७१ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच सुमारास ‘फियाट १२७’ आणि ‘रेनॉ ५’ या मोटारींनी युरोपची छोट्या गाड्यांची बाजारपेठ काबीज केली. ब्रिटिश लेलँडची ‘मेट्रो’ यायला १९८० उजाडले. इसिगोनिस १९८८ मध्ये निवर्तले. जुन्याच आराखड्यावरची मिनी २००० पर्यंत बनत राहिली. ‘९एक्स’चा नमुना मात्र इंग्लंडमधील गेडन येथील मोटार संग्रहालयात उभा आहे.