विवियन थॉमस : निळ्या बाळांसाठी झिजलेले हात

कुत्री व्याली की एखादं पिल्लू आचळाला लागताच दमतं, हिरड्या निळसर दिसतात आणि काही दिवसांत ते जातं. अशक्त होतं, असं म्हणून घरचे गप्प बसतात. पण कधी कधी त्याच्या हृदयातच जन्मजात दोष असतो. फॅलोचा चतुर्दोष त्यांपैकीच एक. फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, खालच्या दोन कप्प्यांमध्ये छिद्र. त्यामुळे प्राणवायू न मिळालेलं रक्तच अंगभर फिरतं. किसहॉन्ड जातीच्या कुत्र्यांत हा दोष वंशपरंपरेनेही येतो. माणसाची बाळंही अशीच निळी पडत, आणि १९४४ पर्यंत त्यावर इलाज नव्हता.

तो शोधणाऱ्यांपैकी विवियन थॉमस हे डॉक्टर नव्हते. जन्म १९१०चा, अमेरिकेतल्या लुइझियानाचा, वाढले नॅशव्हिलला. हातात सुतारकाम. डॉक्टर व्हायला साठवलेले पैसे महामंदीत बँकेबरोबर बुडाले. १९३० मध्ये ते डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागले. काम संशोधनाचं, पण कृष्णवर्णीय असल्याने पगाराच्या कागदावर सफाई कामगार!

१९४१ मध्ये दोघे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये आले. बालहृदयतज्ज्ञ हेलन टॉसिग यांनी तिथे प्रश्न टाकला : फुप्फुसाकडे जास्त रक्त नेता येईल का? थॉमस यांनी आधी धडधाकट कुत्र्यांमध्ये तसाच निळेपणा निर्माण केला. मग हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडून पाहिली. सुमारे दोनशे कुत्री या कामी आली. हा आकडा वाचताना अवघडल्यासारखं होतं, आणि व्हावंच. अ‍ॅना नावाची कुत्री मात्र दीर्घकाळ जगली. तिचं चित्र हॉपकिन्समध्ये लावलं गेलं.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या, जेमतेम चार किलोच्या मुलीवर ब्लेलॉक यांनी शस्त्रक्रिया केली. थॉमस त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाका कुठे, कोणत्या दिशेने, ते सांगत होते. पुढे तिचा त्रास परतला आणि ती वाचली नाही. तिसऱ्या रुग्णाचे ओठ मात्र टेबलावरच गुलाबी झाले.

१९४५च्या शोधनिबंधावर नावं ब्लेलॉक आणि टॉसिग यांची. थॉमस अनेक नामवंत सर्जनांना टाके शिकवत होते आणि पैसे पुरेनात म्हणून ब्लेलॉक यांच्याच पार्ट्यांत मद्य वाढत होते. १९७६ मध्ये हॉपकिन्सने त्यांना मानद डॉक्टरेट दिली, तीही कायद्याची. १९८५ मध्ये ते वारले. त्या शस्त्रक्रियेच्या नावात ‘थॉमस’ हा शब्द आता कुठे रुळू लागला आहे.